गिरणेचे पाणी आणि गिरणीचा कामगार

पाण्याचा प्रश्न शेतकऱ्याचा, गिरणी कामगाराला त्याचे काय, असे कोणी म्हणाले तर आम्ही त्याला उलट विचारतो : हा कामगार आला कुठून? जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या गिरण्यांत साच्यावर उभा राहिलेला माणूस बहुतेक कोरडवाहू गावचाच. पाऊस हुकला, कापूस बुडाला, जमीन सावकाराच्या वहीत गेली, म्हणून तो भोंग्यावर जगायला आला. तेव्हा कालव्याचा इतिहास हा त्याच्याच घरचा इतिहास आहे.

पाणी वाटायला खानदेशाला कुणा साहेबाने शिकवले नाही. पांझरेवर शेकडो वर्षांपासून बंधारे आहेत, आणि त्यांच्या पाटांवर फडपद्धत चालत आली. जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने द्यायचे. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी पडले तर कोणता फड भिजवायचा ते पंच ठरवीत. म्हणजे तोटा झाला तर सर्वांचा! हा न्याय अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी बसवला होता.

मग इंग्रज आला. कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे न्यायला १८६०च्या दशकात आगगाडी भुसावळपर्यंत पोचली. पाण्यासाठी मात्र तेवढी घाई दिसली नाही. गिरणेवर जामदा येथे बंधारा बांधून कालवे काढले, पण तेवढ्याने सगळे खोरे कसे भिजणार? मोठे धरण उभे राहायला १९६९ साल उजाडले. नांदगाव तालुक्यातल्या या गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा अब्ज घनफूट. पांझण डावा कालवा, जामद्याचे दोन्ही कालवे आणि दहिगाव बंधाऱ्यावरचा निम्न गिरणा कालवा, सगळे त्याच्याच पाण्यावर.

पाणी पोचले तिथे गावाचे रूप पालटले, हे आम्ही नाकारीत नाही. विहिरींना पाझर लागला, ऊस आला, चाळीसगावकडे बेलगंगा साखर कारखाना उभा राहिला, मजुराला चार दिवस जास्त काम मिळाले. पण धरण कित्येक वर्षे पुरते भरलेच नाही. त्यातून शहरांचे पिण्याचे पाणी आधी काढावे लागते, आणि ते काढलेच पाहिजे. उरलेल्या पाण्यात कालव्याच्या तोंडाशी असलेल्याचे शेत आधी भिजते. शेपटाकडचा शेतकरी म्हणजे पाण्याचा बदलीवाला! गेटवर रोज उभे राहायचे, आज नंबर लागतो का ते बघायचे, आणि हात हलवीत परत फिरायचे. बदलीवाल्याचे दुःख तुम्हांला आम्ही काय सांगावे?

तापीची कहाणी याहून कडू आहे. १९६० साली महाराष्ट्र झाला, पण त्याच वाटणीत नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. पुढे १९७२ साली उकाई धरण पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली आदिवासींची गावे गेली आणि भिजले खालचे खोरे. सुरतेच्या शेतकऱ्याशी किंवा कामगाराशी आमचे भांडण नाही. तोही घामाचीच भाकरी खातो. आमचे भांडण आहे ते आमच्याच राज्यकर्त्यांशी. अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसे धरणाचे काम काढले, आणि २०२५ उजाडले तरी ते पुरे झाले नव्हते. गिरणेवर मेहुणबाऱ्यापासून कानळद्यापर्यंतचे सात बलून बंधारेही कागदावरच राहिले.

याचा परिणाम काय झाला? जळगावच्या जुन्या गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला. गावाकडे परतावे तर शेताला पाणी नाही. म्हणून खानदेशाचा पोरगा उधना-लिंबायतेत माग चालवायला गेला. तापीचे पाणी खाली सुरतेकडे गेले, आणि त्यामागोमाग आमची माणसेही गेली.

आम्ही भीक मागत नाही. पाडळसे आणि गिरणेवरचे बंधारे पुरे करा. कालव्याचे पाणी मोजून द्या, आणि ते शेपटापासून वर द्यायला लागा. टंचाईत कोणाला किती पाणी ते फडाच्या पंचांप्रमाणे चारचौघांत ठरू द्या. मराठी राज्य व्हावे म्हणून कामगाराने रक्त सांडले, ते नकाशावर नुसती रेघ ओढण्यासाठी नव्हे. राज्य आपले, तर पाण्याचा पाळीपत्रकही आपल्या डोळ्यांसमोर लागला पाहिजे!