कुंभारणीचे गाडगे

मागच्या महिन्यात आम्ही घराला चुना लावायला काढला. खिडकीच्या चौकटीवर मातीची दोन इवलीशी गाडगी चिकटली होती. आमच्या मुलीने एक खरवडले, तर आतून सात-आठ हिरव्या अळ्या पडल्या. मेलेल्या नव्हत्या, पण पळतही नव्हत्या.

आमची आई म्हणाली, “कुंभारीण अळीला कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि ध्यास घेऊन अळीचीच कुंभारीण होते.” आम्हीही लहानपणापासून हेच ऐकत आलो आणि खरे मानत आलो. पण तसे होत नाही.

कुंभारीण माशी एकटी राहते. तिला ना राणी, ना पोळे. तोंडातल्या पाण्याने माती कालवून ती एकटीच गाडगे घडवते. आत छताला बारीक धाग्याने एक अंडे टांगते. मग झाडांवरच्या अळ्या शोधून नांगी मारते. त्या लुळ्या पडतात, मरत नाहीत. म्हणून कुजतही नाहीत. गाडगे भरले की तोंड लिंपून ती निघून जाते. अंड्यातून निघालेले पिलू त्या अळ्या खाऊन वाढते, कोशात जाते आणि पंख फुटल्यावर भिंत फोडून बाहेर पडते. म्हणजे अळीची कुंभारीण होत नाही; अळी हा कुंभारणीच्या लेकराचा डबा आहे! आई स्वतः मात्र फुलांतल्या मधावर जगते.

फ्रान्समधील झाँ आंरी फाब्र (१८२३-१९१५) या गरीब घरच्या शाळामास्तरांनी अशी गाडगी उघडून ते टांगलेले अंडे पाहिले आणि लिहून ठेवले. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. डोळे उघडे होते आणि धीर होता.

ज्या अळ्या आपल्या परसातली पाने कुरतडतात, त्यांतल्याच कुंभारीण उचलून नेते. एकटी ती सगळी कीड संपवणार नाही, पण फुकटची राखण करते. आपण विषारी औषध फवारले, तर अळीबरोबर तीही मरते. ती उगाच कुणाला चावत नाही. हातात धरली तरच नांगी मारील.

तेव्हा भगिनींनो, साफसफाई करताना एवढे पाहा. गाडग्याला भोक असेल तर पिलू उडून गेले, खुशाल काढा. तोंड लिंपलेले असेल तर राहू द्या.

“बाबा, मग मी फोडले त्यातले पिलू?” मुलीने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या गाडग्याभोवती मात्र तिने चुन्याचा कुंचला फिरू दिला नाही.