बंद राहण्याचीही परीक्षा घ्या

विद्यार्थी मित्रांनो, अमरावती-अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनांत आपोआप लागणारा दिवा किंवा पंप बहुधा असतोच. परीक्षक बटण दाबायला सांगतात, दिवा लागतो, गुण मिळतात. माझ्या मते ही अर्धीच परीक्षा झाली. लागू नये तेव्हा तो बंद राहतो का, हेही पाहायला हवे.

थायरिस्टर या सिलिकॉनच्या स्विचचे उदाहरण घ्या. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधला ट्रायॅक हा त्याचाच भाऊ. थायरिस्टरमध्ये चार थर असतात. गेटला छोटा प्रवाह दिला की तो चालू होतो. बंद असताना मात्र मधली संधी विजेचा सारा दाब अडवते आणि धारित्रासारखी वागते. धारित्रातला प्रवाह दाब किती झपाट्याने बदलतो यावर ठरतो.

आता हिशेब करू. संधीची धारिता 100 पिकोफॅरड धरा. घरच्या 230 व्होल्ट विजेचा दाब मायक्रोसेकंदाला फार तर 0.1 व्होल्टने बदलतो. म्हणजे प्रवाह अवघा 10 मायक्रोअँपिअर. पण वळवाच्या पावसात जवळच वीज कोसळली आणि दाब मायक्रोसेकंदाला 200 व्होल्टने चढला, तर तोच प्रवाह 20 मिलिअँपिअर होतो! लहान थायरिस्टरला तो गेटचाच हुकूम वाटतो. पंख्याचे यात फारसे बिघडत नाही, कारण अर्ध्या आवर्तनाअखेर ट्रायॅक पुन्हा बंद होतो. मोटर उलटसुलट फिरवणाऱ्या मंडलात मात्र नको तो स्विच लागला, तर शॉर्टसर्किट!

यावर उपाय दोन. कारखान्यातच गेटचा थर ठिकठिकाणी कॅथोडच्या धातूला भिडवतात. चोरटा प्रवाह तिथून परस्पर निघून जातो. त्याची किंमत अशी, की गेटला जास्त प्रवाह द्यावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे रोध आणि धारित्र एकसरीत जोडून ती जोडी स्विचला समांतर लावणे. मग दाब सावकाश चढतो. चंद्रपूर ते पडघे ही 500 किलोव्होल्टची एकदिश वीजवाहिनी 1999 साली सुरू झाली. तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टरांच्या रांगाच आहेत आणि अशा रांगेत प्रत्येकाला हे संरक्षण लागते.

हे धारित्र काढून टाकले तरी दिवा लागतोच. म्हणूनच दुरुस्तीत ते फालतू वाटते, आणि वादळाच्या दिवशी त्याची आठवण होते.

शिक्षकांना विनंती, की प्रदर्शनाच्या तक्त्यावर एक रकाना वाढवा : ‘केव्हा लागू नये?’ आणि मित्रांनो, प्रयोग बॅटरीवरच करा, घरच्या विजेवर नको.