बर्फाचं खापर कुणाच्या डोक्यावर?

बर्फ थांबून दोन दिवस होतात, गल्ली अजून तशीच असते, आणि मग ठरलेला खेळ सुरू होतो. महापौर म्हणतात, एवढा पडेल असं हवामान खात्याने सांगितलंच नव्हतं. हवामान खातं म्हणतं, सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. आयुक्त म्हणतो, लोकांनी गाड्या रस्त्यातच ठेवल्या, आमचे ट्रक जाणार कुठून? लोक म्हणतात, कामगार आळशी. आणि आपली इथली मराठी मंडळी कॉफीचा कप हातात घेऊन एकाच शब्दात निकाल लावून टाकतात: युनियन.

मी अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात बावीस हिवाळे काढलेत. फावडं मारून मारून कंबर कायमची धरली आहे, तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. माझं म्हणणं सरळ आहे. शहराचा बर्फ नीट निघाला नाही तर दोष महापौराचा आणि त्याच्या बजेटवर हात वर करणाऱ्या कौन्सिलचा. पण वादळाच्या रात्री तो कुठे होता, जाकीट घालून टीव्हीवर आला का, हा प्रश्न दुय्यम. विचारायचं ते हे, की गेल्या जुलैत त्याने कशावर सही केली.

रविवार, ९ फेब्रुवारी १९६९. न्यूयॉर्कमध्ये बर्फ सुरू झाला. अंदाज असा होता की थोड्या वेळाने त्याचा पाऊस होईल. झाला नाही. सेंट्रल पार्कात सुमारे १५ इंच पडला, क्वीन्समध्ये त्याहून जास्त. १५ इंच म्हणजे बफेलोचे लोक हसतील. पण त्या वादळात ४२ माणसं गेली, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या क्वीन्समधली. मॅनहॅटनचे मोठे रस्ते लवकर मोकळे झाले. क्वीन्समधल्या कित्येक गल्ल्या मात्र आठवडा संपत आला तरी बर्फाखालीच होत्या. कचऱ्याची गाडी नाही, बस नाही, दुधाची गाडी नाही. संयुक्त राष्ट्रांमधले राल्फ बंच, शांततेचं नोबेल मिळालेला माणूस, तिथेच क्यू गार्डन्समध्ये राहायचे. त्यांनीसुद्धा महापौरांना तक्रारीची तार केली. आता बोला, बंच यांना तार करावी लागते तिथे कोपऱ्यावरच्या म्हातारीचं काय झालं असेल?

महापौर जॉन लिंडसे अखेर क्वीन्स बघायला निघाले, तर रेगो पार्कमध्ये त्यांचीच गाडी बर्फात रुतली. लोकांनी हुर्यो उडवली, शिव्या घातल्या. हा प्रसंग इतका गाजला की आज ५० वर्षांनंतरही लोक त्याला ‘लिंडसेचं वादळ’ म्हणतात. गोष्ट सांगणारे इथेच थांबतात, कारण गोष्ट मजेदार आहे. देखणा, मॅनहॅटनचा लाडका महापौर, आणि रुतलेली गाडी.

पण पुढची ओळ जास्त महत्त्वाची आहे. शहराची बर्फ हटवायची जवळजवळ ४० टक्के यंत्रं त्या दिवशी बंदच होती. देखभाल झालेली नव्हती. म्हणजे दहातल्या चार गाड्या शेडमध्ये उभ्या. रविवार असल्यामुळे माणसंही कमीच होती. आता मला सांगा, यात हवामान खात्याच्या अंदाजाचा संबंध किती? अंदाज अगदी तंतोतंत आला असता तरी बंद पडलेली गाडी त्या रात्रीत सुरू होणार नव्हती. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि वर म्हणायचं की तहान लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं!

(लिंडसे त्या जूनमध्ये रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक हरले. पण नोव्हेंबरमध्ये लिबरल पार्टीच्या तिकिटावर परत निवडून आले, टीव्हीवर जाहिरात करून चुकलं म्हणून कबूल केल्यावर. त्या वर्षी मेट्स वर्ल्ड सीरिज जिंकले, त्या आनंदाचाही हातभार लागला म्हणतात.)

आता युनियनकडे येतो, कारण हा आपल्या लोकांचा आवडता मुद्दा. शिकलेली, पगारदार माणसं अगदी खात्रीने सांगतात की कामगार मुद्दाम हळू काम करतात, ओव्हरटाइम काढायला. पुरावा? पुरावा म्हणजे कुणीतरी व्हिडिओ पाठवलेला असतो.

२६ डिसेंबर २०१०, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा न्यूयॉर्क. सुमारे २० इंच. शेकडो बसगाड्या रस्त्यातच अडकल्या, ॲम्ब्युलन्स अडकल्या, ९११ वर हजाराहून जास्त कॉल तुंबले. मॅनहॅटन चालू आणि ब्रुकलिन-क्वीन्सच्या गल्ल्या बंद, हे चित्र ४१ वर्षांनी जसंच्या तसं. महापौर ब्लूमबर्ग यांनी आधी जे घडतंय ते किरकोळ असल्यासारखं दाखवलं. शहराचा कारभार ज्यांच्याकडे होता ते उपमहापौर त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये होते. ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीरच केली गेली नाही. ती केली असती तर मुख्य रस्त्यांवरच्या गाड्या आधीच हलल्या असत्या.

आणि मग क्वीन्सचे एक नगरसेवक पुढे आले. म्हणाले, मला कामगारांनीच येऊन सांगितलं की वरून हळू काम करायचा आदेश होता. झालं! पेपरांना मथळा मिळाला, लोकांना खलनायक मिळाला, महापौरांना श्वास घ्यायला जागा मिळाली. सरकारी वकिलांपर्यंत चौकश्या गेल्या. जून २०११ मध्ये शहराच्या तपास खात्याचा अहवाल आला: संघटितपणे काम हळू केल्याचा पुरावा सापडला नाही. त्या अहवालाला मथळ्याच्या एक दशांशसुद्धा जागा मिळाली नाही. म्हणूनच १५ वर्षांनंतर माझ्या ओळखीचे एक काका मला अजून ती कामचुकारपणाची कथा सांगतात आणि अहवाल आल्याचं त्यांच्या गावीही नसतं. ते नगरसेवक पुढे एका वेगळ्याच लाचेच्या प्रकरणात तुरुंगात गेले, हे जाता जाता.

खरं काय होतं? आधीच्या दोन वर्षांत स्वच्छता खात्यातले सुमारे ४०० कामगार कमी झाले होते. काढले नव्हते हो, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्याच नव्हत्या. बजेटमध्ये बचत दिसते, पेपरात बातमी येत नाही, कुणी रडत नाही. शिवाय १०० सुपरवायझरांना पदावनत करायचं ठरलेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: न्यूयॉर्कमध्ये बर्फ हटवणारं वेगळं खातं नाही. कचरा उचलणारी गाडी असते ना, तिलाच पुढे भलंमोठं पातं लावतात, चाकांना साखळ्या बांधतात, आणि तोच ड्रायव्हर, जो काल तुमच्या पिशव्या उचलत होता, आज बारा-बारा तास बर्फ ढकलतो. म्हणजे तुम्ही कचऱ्याच्या खात्यातला माणूस कमी केलात की हिवाळ्यातला माणूसही कमी झाला. जुलैतल्या त्या बचतीची पावती डिसेंबरात मिळाली, आणि ती कुणाच्या हातात पडली? गल्लीतल्या हृदयविकाराच्या झटका आलेल्या माणसाच्या.

मी असं म्हणत नाही की युनियनवाले सगळे संत. बारा तासांच्या पाळीत कॉफी प्यायला तासभर थांबणारे असतीलच, आपल्या ऑफिसात नाहीत का? पण चार माणसं कॉफी प्यायला थांबली म्हणून अख्खं ब्रुकलिन बंद पडत नाही. तेवढं बंद पाडायला वरचीच सही लागते.

शिकागोची गोष्ट बहुतेकांना माहीत असते: जानेवारी १९७९ चं वादळ, महापौर मायकल बिलांडिक, आणि सहा आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीला, जेन बर्न यांनी त्यांना पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पाडलं. ‘बर्फाने महापौर पाडला’ असं सगळे म्हणतात. मला हे वाक्य पटत नाही. बर्फाने नाही पाडला. २० इंच पडल्यावर लोक एक-दोन दिवस समजून घेतात, शिकागोचे लोक तर नक्कीच. लोक चिडले दोन गोष्टींवर. एक, महापौरांनी सांगितलं की शाळांची पार्किंग साफ झालेली आहेत, तिथे गाड्या हलवा. लोक गेले, तर तिथे बर्फ जिथल्या तिथे. म्हणजे साधं खोटं. दुसरी गोष्ट जास्त वाईट. लोकल गाड्या वेगाने धावाव्यात म्हणून काही स्टेशनांवर थांबवायच्याच नाहीत असं ठरलं, आणि ती स्टेशनं कुठली? काळ्या वस्त्यांमधली. कडाक्याच्या थंडीत फलाटावर उभं राहायचं आणि उपनगरातल्या लोकांनी भरलेली गाडी समोरून न थांबता जाताना बघायची. त्या वस्त्या वर्षानुवर्षं त्याच पक्षयंत्रणेला डोळे झाकून मत देत होत्या. त्या फेब्रुवारीत त्यांनी दिलं नाही.

यात आळस कुठे आहे? हा निर्णय होता. कुणीतरी खोलीत बसून यादी केली, की आधी कोण आणि मग कोण. बर्फ हटवणं म्हणजे शेवटी ही यादीच. सगळे रस्ते एकदम साफ होत नाहीत, होऊ शकत नाहीत, हे कुणालाही कळतं. मग पहिला नंबर कुणाचा? हॉस्पिटलच्या रस्त्याचा, की जिथे पत्रकार राहतात त्या रस्त्याचा? ही यादी वादळाच्या आधी लोकांसमोर टांगली पाहिजे. न्यूयॉर्कने २०१० नंतर ट्रकना जीपीएस लावले आणि कुठला रस्ता कधी झाला ते लोकांना नकाशावर दिसायला लागलं. काही लोक त्याला दिखावा म्हणतात. मी नाही म्हणत. नकाशा असला की निदान खोटं बोलणं अवघड होतं.

अटलांटा थोडक्यात. २८ जानेवारी २०१४, जेमतेम अडीच-तीन इंच. शाळा, ऑफिसं, सरकारी कचेऱ्या सगळ्यांनी एकाच दुपारी लोकांना घरी सोडलं. हायवे गोठला, माणसं गाडीत रात्रभर, मुलं शाळेत झोपली. दक्षिणेतल्या शहराने रोजच्यासाठी शेकडो ट्रक विकत घ्यावेत असं माझं बिलकुल म्हणणं नाही, तो पैशाचा चुराडा होईल. पण यंत्रं नाहीत हे माहीत असेल तर शाळा सकाळी बंद ठेवायला काय खर्च येतो? हवामान खात्याचा इशारा पहाटेच आला होता. नंतर महापौर म्हणाले हायवे माझे नाहीत, गव्हर्नर आधी म्हणाले हे अनपेक्षित होतं. दोघांपैकी एकाचं तरी खरं असेल, पण मुलं शाळेच्या जिममध्येच झोपली.

हे वाचून मुंबईकरांना काही आठवलं असेल तर बरोबरच आठवलं. आपल्याकडे बर्फाच्या जागी नालेसफाई. दर मे महिन्यात इतके टक्के गाळ काढला म्हणून आकडा येतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हिंदमाता त्या आकड्याचं काय होतं ते दाखवतं. ताशी २५ मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेतील असे नाले करा, हे ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगितलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा त्यातलं बरंचसं काम कागदावरच होतं. ९४४ कुठल्याच नाल्यात मावला नसता, मान्य. पण बारा वर्षं त्या अहवालावर कोण बसलं होतं, हे नाव घेऊन कुणाला विचारायचं?

इथे शिकागो आणि मुंबईत फरक पडतो, आणि तो बर्फ-पावसाचा नाही. शिकागोच्या माणसाला राग आला, त्याला सहा आठवड्यांत एक नाव सापडलं आणि त्याने ते खोडलं. मुंबईत महापौराच्या हातात कारभारच नाही. आयुक्त राज्य सरकार नेमतं. रेल्वेची हद्द वेगळी, एमएमआरडीएची वेगळी, विमानतळाची वेगळी. त्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही, प्रशासकाचं राज्य होतं. पाणी तुंबलं तर पाडायचं कुणाला? म्हणून ‘आपल्याकडे असं असतं तर’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, आपल्याकडे चीड कमी नाही हो, चीड टाकायला पेटी नाही.

आणि इथे ज्यांच्याकडे पेटी आहे ते काय करतात? जानेवारीत फेसबुकवर ओरडतात आणि जूनमध्ये टाउनच्या बजेटच्या बैठकीला पाच माणसं येतात. त्यातली तीन टॅक्स कमी करा म्हणायला. कौन्सिलसुद्धा माणसंच, ती खुर्चीतून ओरडा मोजतात. टॅक्स कमी करा म्हणणारे तीन समोर दिसले की सार्वजनिक बांधकाम खात्यातली एक जागा गुपचूप रिकामी राहते, जुना ट्रक आणखी एक हिवाळा चालवायचं ठरतं, मिठाची ऑर्डर कमी होते.

तेव्हा या वर्षी जा. फार भाषण नको. तुमच्याकडे किती ट्रक आहेत आणि आज त्यातले किती चालू आहेत ते विचारा. गेल्या दोन वर्षांत ड्रायव्हरच्या किती जागा रिकाम्या राहिल्या ते विचारा. रस्त्यांच्या यादीत तुमच्या गावातल्या वृद्धांच्या इमारतीचा आणि अपार्टमेंटच्या वस्तीचा नंबर कितवा ते विचारा, आणि उत्तर लेखी मागा. बहुतेक ठिकाणी बैठक रात्री साडेसातला असते, तारीख टाउनच्या वेबसाइटवर मिळते.