घड्याळ कोणाला मागे टाकतं?

शैक्षणिक गेम मुलांना काय शिकवतो, हे त्यातले गुण कशासाठी मिळतात यावर ठरतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे आमच्या मालवण भागात मुलांच्या मोबाइलवर असा गेम दिसला की चित्रांआधी मी त्याचे नियम बघतो.

सर्वात जास्त नुकसान करणारा नियम घड्याळाचा आहे. ‘कहूट’सारख्या प्रश्नमंजुषेत साधारणपणे बरोबर उत्तर जितकं लवकर, तितके गुण जास्त. आमच्याकडचं मूल घरी कोकणी किंवा मालवणी बोलतं, शाळेत मराठी किंवा उर्दू वाचतं आणि गेममध्ये त्याच्यासमोर बऱ्याचदा इंग्रजी येतं. गणित येत असूनही त्याचा वेळ प्रश्न वाचण्यातच जातो. गुणफलकावर नाव खाली दिसलं की वर्ग म्हणतो, ‘ह्याला येत नाही.’ हळूहळू मूलही तेच म्हणू लागतं.

यापेक्षा वेगळी रचना करता येते. हॅबगुड आणि एन्सवर्थ या ब्रिटिश संशोधकांनी भागाकाराच्या एकाच गेमची दोन रूपं करून पाहिली. एकात सांगाड्याच्या छातीवर संख्या असते आणि तिला पूर्ण भाग जाईल असंच शस्त्र निवडावं लागतं. दुसऱ्यात नुसती लढाई आणि टप्पा संपला की गणिताचे प्रश्न. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या रूपातून मुलं जास्त शिकली. मोकळीक दिल्यावर त्यांनी त्यालाच सुमारे सातपट वेळ दिला.

असा गेम रचायला आपल्याला लांब जायला नको. रापणीची मासळी वाट्यांनी विभागली जाते. अपूर्णांक शिकवणाऱ्या गेममध्ये हेच वाटे मुलाला करू द्या. वाटे चुकले तर दुसऱ्या दिवशी जाळं ओढायला माणसं कमी येतील. चूक कुठे झाली ते खेळातच कळेल, वर लाल फुली मारायची गरज नाही.

आपल्यापैकी बरेच जण भावंडांना ॲप निवडून देतात, मोहल्ल्यात शिकवणी घेतात. इन्स्टॉल करण्याआधी तीन गोष्टी पाहा: घड्याळ बंद करता येतं का? नेटवर्क गेलं तर केलेलं काम टिकतं का? विचार न करता, अंदाजाने बटणं दाबून जिंकता येतं का? आणि जे कोड लिहितात, त्यांनी गेम आधी सर्वात सावकाश वाचणाऱ्या मुलाच्या हातात द्यावा. ते मूल जिथे अडेल, तिथे आधी आपला नियम तपासावा.