पायऱ्या आम्ही झिजवाव्या, काळा कोट दुसऱ्यांनी घालावा?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या खेड्यापाड्यांत घरोघर ऐकू येते. ती ज्याने रचली त्याने अर्धेच सांगितले. अशील म्हणून ती पायरी आमचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चढत आला. बांधाच्या वादात बांध गेला, भाऊबंदकीत शेत गेले, आणि शेताच्या मोलाने जो कागद हाती पडला तोही त्याला वाचता येईना. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, त्यात कोर्टकचेऱ्यांतून कुणब्याची लूट कशी होते हे त्यांनी चव्हाट्यावर मांडले. त्यास आता एकशेचाळीस वर्षे होऊन गेली. कुणब्याचे पोर आज लिहू-वाचू लागले आहे. मग त्याच पायरीने ते वकील म्हणून, न्यायाधीश म्हणून वर का जात नाही?

कोणी म्हणेल, बहुजनसमाजाचे वकील आता तालुक्या-तालुक्याला झाले आहेत. झाले आहेत खरे, पण कोठवर? २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत हायकोर्टांवर ५३७ न्यायाधीश नेमले गेले. खुद्द सरकारने संसदीय समितीपुढे ठेवलेला हिशेब असा की, त्यांपैकी ७९ टक्के खुल्या वर्गातले, ११ टक्के इतर मागासवर्गांतले, अनुसूचित जातींचे २.८ टक्के आणि अनुसूचित जमातींचे १.३ टक्के. ज्यांची वस्ती देशात सर्वांत मोठी, त्यांच्या वाट्याला न्यायासनाचा एवढासा कोपरा! हायकोर्टाचा न्यायाधीश आभाळातून पडत नाही. तो वकिलांतून निवडला जातो. आणि वकील लॉ कॉलेजातून येतो. म्हणून जो दारावर अडला तो न्यायासनापर्यंत अडला, हे ध्यानात धरून आज आम्ही त्या दाराविषयी लिहीत आहो.

मागे एका जून महिन्यात एक शेतकरी गृहस्थ बारावी पास झालेल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. गुणांचा कागद पिशवीत जपून आणला होता. म्हणाले, “याला वकील करायचा आहे. चांगल्यातल्या चांगल्या कॉलेजात घालायचा. कुठे नेऊ?” आम्ही मान खाली घातली. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची जी क्लॅट नावाची परीक्षा, ती २०२२ पासून डिसेंबरात होते आहे. तिचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे बंद होतात. राज्याच्या सीईटीचे अर्जही बारावीच्या निकालाआधीच घेतले जातात. मुलगा बारावीचा अभ्यास करीत होता त्याच हिवाळ्यात त्याच्या वकिलीचा निकाल लागून गेला होता, आणि बापलेकांस त्याची खबर नव्हती!

‘आधी निकाल लागू दे, मग बघू’ ही आमच्या लोकांची जुनी रीत. ती आता घात करते. शहरातल्या सुखवस्तू घरचा मुलगा अकरावीपासून शिकवणीला जातो, पाचपन्नास सराव-परीक्षा देतो. आमच्या तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात या परीक्षेचे नाव फळ्यावर लिहिणारा मास्तर शोधून सापडत नाही. मग निकालाच्या दिवशी शहाणे लोक म्हणतात, खेड्यातल्या पोरांत गुणवत्ताच नाही! ज्याला शर्यत कधी आहे हे सांगितलेच नाही, तो हरला असे म्हणणे हा कोठला न्याय?

दुसरी मेख भाषेची. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. १२० प्रश्न, दोन तासांचा वेळ. त्यात लांबलचक उतारे भराभरा वाचून उत्तरे द्यावयाची, आणि चुकले तर पाव गुण कापला जाणार. ही कायद्याची परीक्षा की इंग्रजी वाचनाच्या वेगाची? देशी भाषांत ती घ्यावी म्हणून २०२३ साली दिल्ली हायकोर्टात अर्ज पडला, तेव्हा बार कौन्सिलनेही या मागणीस अनुकूलता दाखविली. महाराष्ट्राची लॉ सीईटी मराठीतूनही देता येते, मग हिला काय अडचण? नवल असे की, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठे महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने २०१४ साली केलेल्या कायद्याने निघाली. आणि त्यांच्या पाच वर्षांच्या शिक्षणक्रमाच्या दारावर मात्र मराठीला मज्जाव! खालच्या कोर्टांची भाषा मराठी, सातबारा मराठी, फेरफार मराठी, फिर्यादी मराठी, आरोपी मराठी; वकील निवडावयाची परीक्षा तेवढी इंग्रजी. इंग्रजी शिकू नका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शिका, आणि त्यांच्याहून चांगली शिका. पण दाराबाहेरच ती मागणे म्हणजे ज्यांच्या घरी ती आधीच आहे त्यांनाच आत घेणे होय.

तिसरी मेख पैशाची. क्लॅटचा नुसता अर्ज ४,००० रुपयांचा. अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलांस ५०० रुपयांची सूट. ओबीसी शेतमजुराचा मुलगा आणि मलबार हिलवरचा मुलगा यांना मात्र एकच दर! पुढे जागावाटपात नाव घालावयाचे तर अलीकडे खुल्या वर्गास ३०,००० आणि राखीव वर्गांस २०,००० रुपये आगाऊ भरावे लागत आले आहेत. २०२१ साली हा आकडा ५०,००० ठेवला होता. ओरड झाली तेव्हा उतरला. जागा मिळाली तर ही रक्कम फीत वळती होते हे खरे. पण चार दिवसांत एवढा रोख पैसा उभा करावयाचा तर कुणब्याने सावकाराकडे जावे की बैल विकावा?

आता जे या तिन्ही मेखा ओलांडून जातात, त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न येतो. येथे आमचे पालक हमखास फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एखाद्या खाजगी विद्यापीठाचा गुळगुळीत कागद येतो: “अभिनंदन! आपणांस पन्नास टक्के स्कॉलरशिप!” घरात पेढे वाटतात. अहो, पण पन्नास टक्के कशाचे? समजा, फी वर्षाला चार लाख. निम्मी माफ झाली तरी दोन लाख उरले. पाच वर्षांचे दहा लाख. त्यावर वसतिगृह आणि जेवण निराळे. तेच जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या अनुदानित कॉलेजात फी काही हजारांत भागते, आणि तेथे स्कॉलरशिपच्या नावाचा एकही पेढा कोणी वाटत नाही. तेव्हा किती माफ झाले हे विचारू नका. आपल्या खिशातून पाच वर्षांत एकंदर किती जाणार ते विचारा. व्यापारी आधी भाव चढवितो आणि मग सूट देतो, हे बाजारात ज्याला कळते त्याला कॉलेजात का कळू नये?

दुसरे, अट वाचा. पहिल्या वर्षी अमुक गुण पडले नाहीत तर स्कॉलरशिप बंद, असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मराठी शाळेतून गेलेला मुलगा पहिले वर्ष इंग्रजीशी झगडण्यात घालवितो. नेमका त्याच वर्षी त्याचा आधार तुटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती महाराष्ट्रावरच नव्हे, हिंदुस्थानावर उपकार करणारी ठरली. पण तिलाही परत येऊन दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची अट होतीच. १९१७ साली ते त्या अटीप्रमाणे बडोद्यास गेले. तेथे शिवाशिवीमुळे राहावयास जागा मिळेना आणि नोकरी सोडून परतावे लागले. इतक्या थोर मनाच्या राजाच्या दानामागेही करार होता. मग फी घेऊन दुकान चालविणाऱ्याच्या दानामागे तो नसेल काय?

तिसरे, सरकारी सवलतींचे नियम आधी समजून घ्या. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या मुलांस मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. ओबीसी मुलांस, आणि राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत आर्थिकदृष्ट्या मागास मुलांस, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असता निम्मी शिक्षणफी मिळते. २०२४ च्या जुलैत सरकारने ठराव करून ओबीसी, मराठा व आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींची धंदेशिक्षणाची शिक्षणफी आणि परीक्षाफी पूर्ण माफ केली. तेव्हा मुलीला वकील करण्यास पैसा नाही ही सबब आता कोणत्याही बापाने आम्हांस सांगू नये. पण या सवलती सरकारी जागावाटपातून प्रवेश घेणाऱ्यासच लागू आहेत. व्यवस्थापनाच्या कोट्यातून, कोणा पुढाऱ्याच्या चिठ्ठीने गेलात की चिठ्ठीबरोबर शिष्यवृत्तीही गेली! आणि जातीचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, अधिवास हे कागद अकरावीतच काढावयास घ्या. जुलैच्या गर्दीत तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्याची जागा दुसरा घेऊन जातो.

मग आमच्या मुलांनी मोठ्या विद्यापीठांकडे पाहूच नये काय? असा अर्थ कोणी काढील तर तो आमच्यावर अन्याय होईल. पहिल्या प्रतीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळत असेल तर ती सोडू नका. तेथून हायकोर्टाची, सुप्रीम कोर्टाची, मोठमोठ्या कंपन्यांची दारे लवकर उघडतात. तेथे फीमाफीचे, मदतीचे अर्ज करावे लागतात. न मागता कोणी देत नाही, आणि आमची मुले लाजेने मागत नाहीत. ही लाज टाकून द्या. शामनाद बशीर या प्राध्यापकाने २०१० साली ‘इडिया’ ही संस्था काढून गरिबांच्या मुलांस या परीक्षेसाठी तयार करण्याचे काम सुरू केले. ते २०१९ साली वारले, पण त्यांनी घालून दिलेला धडा उरला आहे. आम्ही म्हणतो ते एवढेच की, नावाच्या मोहाने कर्जाच्या खाईत उडी नको. मधल्या प्रतीच्या महागड्या विद्यापीठापेक्षा १८५५ साली निघालेले मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज शतपटीने बरे. १९३५ साली बाबासाहेब तेथेच प्रिन्सिपॉल झाले. पुण्याचे आय.एल.एस., कोल्हापूरचे शहाजी लॉ कॉलेज यांनीही पिढ्या घडविल्या आहेत. जेथे जाल तेथे बार कौन्सिलची मान्यता चालू आहे की नाही, हे मात्र आधी डोळ्यांनी पाहा. आणि बारावीनंतर दार चुकले तरी पदवीनंतर तीन वर्षांचा मार्ग मोकळा आहे, हे त्या शेतकरी गृहस्थांसही आम्ही सांगितले.

येथवर दुसऱ्यांस बोललो. आता थोडे घरच्यांस. फुले-शाहूंची नावे घेऊन ज्यांनी कॉलेजे काढली, सरकारी जमिनी घेतल्या, त्यांत आमच्याच समाजाचे पुढारी कमी नाहीत. जयंतीला पुतळ्यास हार घालावयाचा आणि जुलैत कुणब्याच्या पोराकडून ‘विकासनिधी’ घ्यावयाचा, ही कोठली सत्यशोधकी? शिष्यवृत्ती सरकारकडून उशिरा आली म्हणून परीक्षेचा अर्ज आणि गुणपत्रक अडवून ठेवण्याचा परिपाठ काही ठिकाणी आहे, तो आम्ही जाणतो. शाहू महाराजांनी बोर्डिंगे काढली, १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांस राखल्या, अस्पृश्यांस वकिलीच्या सनदा दिल्या. त्यांनी कोणाकडून विकासनिधी घेतल्याचे आमच्या वाचनात नाही. भटशाहीस शिव्या घालून तिच्याच गादीवर बसणे यास आम्ही सुधारणा म्हणत नाही.

सरकारकडे आमच्या मागण्या चार. महाराष्ट्राच्या तिन्ही विधी विद्यापीठांतील रहिवासी जागांसाठी मराठीतून परीक्षेची सोय व्हावी. ओबीसींस अर्जाच्या फीत सूट मिळावी. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांनी इतर परीक्षांइतक्याच जोमाने वकिलीच्या प्रवेशाची तयारी जिल्ह्याजिल्ह्यात फुकट करून घ्यावी. आणि शिष्यवृत्तीचा पैसा वर्ष संपण्याच्या आत मुलाच्या हाती पडावा. यांत अशक्य असे काही नाही. सनद देताना राज्याराज्यांच्या बार कौन्सिलांनी १५,००० पासून ४२,००० रुपयांपर्यंत उकळण्याचा धंदा मांडला होता. सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितले की, कायद्यात ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपये लिहिले आहेत, त्याहून अधिक घेता येणार नाही. कोणी भांडले म्हणून हे घडले. भांडल्याशिवाय आमच्या पदरात आजवर काय पडले?

आणि वाचकहो, तुमच्याकडे मागणी एकच. तुमच्या गावात अकरावीत गेलेला हुशार मुलगा किंवा मुलगी असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या घरी जा. परीक्षा केव्हा, अर्ज केव्हा, कागद कोणते, एवढे त्याच्या बापाला समजावून सांगा. एका गावातून एक वकील निघाला तरी त्या गावाचे दहा बांध वाचतील. अशील म्हणून कोर्टाची पायरी आम्ही पुष्कळ झिजविली. आता त्याच पायरीवरून आमच्या पोरांनी काळा कोट घालून वर जावे.