घरचं वायफाय शेजाऱ्याला द्यायचं? द्या, पण पासवर्ड देऊ नका

संध्याकाळी मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावच्या दाट वस्तीत एक चक्कर मारा. इमारतीच्या जिन्यावर मोबाईल घेऊन बसलेली मुलं दिसतील. सगळीच काही गेम खेळत नसतात. कुणी स्कॉलरशिपचा फॉर्म भरत असतो, कुणी सीईटीचं हॉलतिकीट डाऊनलोड करत असते, कुणी क्लासचा व्हिडिओ बघत असतो. मोबाईलचा रोजचा डेटा दुपारीच संपलेला असतो. शेजारच्या घरात फायबरचं कनेक्शन आहे, सिग्नल जिन्यापर्यंत येतो आणि खालांनी पासवर्ड सांगून ठेवलेला आहे.

खालांची नीयत चांगलीच आहे. पण त्या कनेक्शनवरून उद्या कुणी काही गैर केलं, तर पोलीस कुणाच्या दारात येतील? कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच.

ही नुसती भीती नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीचा ई-मेल गेला होता, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून. त्या घरात एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याचा कटाशी संबंध नव्हता, पण त्याचं वायफाय उघडं होतं. चौकशीला त्यालाच सामोरं जावं लागलं. पुढच्या दोन महिन्यांत असेच ई-मेल माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या वायफायवरून गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. त्या काळात विनाकारण चौकशीचे फेरे काय असतात, हे आपल्या मोहल्ल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून अनेक घरांनी एकच धडा घेतला: आपलं कनेक्शन कुणाला द्यायचं नाही.

धडा समजण्यासारखा आहे, पण अर्धवट आहे. घरचा राउटर चोवीस तास चालू असतो आणि त्यातला बराच वेळ रिकामाच असतो. ही रिकामी क्षमता शेजाऱ्याच्या कामी लावायची, म्हणजे ग्राहकानेच छोटा पुरवठादार व्हायचं, हा विचार जगात नवा नाही. २००५ मध्ये स्पेनमध्ये ‘फॉन’ नावाची कंपनी निघाली. तिचा राउटर दोन वेगळे सिग्नल देत असे, एक घरच्यांसाठी आणि एक बाहेरच्यांसाठी. आपलं वायफाय वाटणाऱ्याला दुसऱ्या गावी इतर सदस्यांचं वायफाय फुकट मिळे. त्याच देशात कॅटलोनियाच्या ग्रामीण भागात कंपन्या पोहोचत नव्हत्या, तेव्हा २००४ पासून लोकांनी छतांवर अँटेना लावून ‘गिफी’ नावाचं स्वतःचं जाळं उभारलं. आज त्यात हजारो घरं आहेत.

जर्मनीचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. तिथे ‘फ्रायफुंक’ ही स्वयंसेवकांची चळवळ आहे. २०१५ मध्ये सीरिया आणि इराकहून लाखो निर्वासित आले, तेव्हा या लोकांनी अनेक छावण्यांमध्ये मोफत वायफाय पोहोचवलं. घरच्यांशी बोलायला, कागदपत्रं शोधायला, भाषा शिकायला. पण तिथेही अडचण हीच होती. दुसऱ्याने तुमच्या वायफायवरून काही बेकायदा केलं, तर जबाबदारी तुमच्यावर येई. म्हणून फ्रायफुंकवाले हा डेटा बंदिस्त मार्गाने आपल्या संस्थेमार्फत बाहेर काढत. त्यामुळे घरमालकाचा पत्ता मध्ये येत नसे. शेवटी २०१७ मध्ये जर्मन संसदेने कायदा बदलून वायफाय देणाऱ्याची ही जबाबदारी बरीच हलकी केली. शेजारधर्म टिकायचा असेल तर कायद्यानेही साथ द्यावी लागते, हे त्यांनी मान्य केलं.

भारतात ही वाट थोड्या वेगळ्या पद्धतीने खुली झाली आहे, पण आपल्यापैकी फार थोड्यांना ती माहीत आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला, वाचनालय, कुणीही ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊ शकतो. जुन्या पीसीओसारखंच समजा. त्यासाठी परवाना नको, सरकारकडे नोंदणी नको, फी नको. नोंदणी असते ती अशा अनेक ऑफिसांना जोडणाऱ्या अ‍ॅग्रिगेटर कंपनीची आणि अ‍ॅप देणाऱ्या कंपनीची. वापरणारा अ‍ॅपवर एकदा ओळख पटवतो आणि मग जोडला जातो. कोण, कधी जोडला गेला, याच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी अ‍ॅग्रिगेटरची आहे.

खालांचा पासवर्ड आणि ही पद्धत, यात फरक इथेच आहे. पासवर्ड वाटला की बाहेरून सगळेच जण खालांच्या नावाने दिसतात. इथे प्रत्येक जण स्वतःच्या नावाने येतो.

मग योजना पसरली का नाही? २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं उद्दिष्ट होतं. आपण त्याच्या जवळपासही नाही. मोठं कारण पैशाचं आहे. टेलिकॉम कंपन्या अशा छोट्या दुकानदाराला घरगुती फायबर देण्याऐवजी महागडी लीज्ड लाइन घ्यायला सांगत. कंपन्यांचं म्हणणं असं की, घरगुती प्लॅन एका कुटुंबासाठी असतो, तो पुढे विकला तर आमचं नुकसान होतं. या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यामुळे छोट्या माणसासाठी दार बंदच राहत होतं. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढून मधला मार्ग काढला. २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पब्लिक डेटा ऑफिसला द्यावेच लागतील आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये.

हिशोब करून बघा. घरगुती प्लॅन ५०० रुपयांचा असेल, तर डेटा ऑफिसला तो जास्तीत जास्त १,००० रुपयांना पडेल. पंचवीस मुलांनी आठवड्याला दहा-दहा रुपये दिले तर महिन्याला १,००० रुपये होतात. कर, अ‍ॅग्रिगेटरचा वाटा आणि राउटरचा खर्च वेगळा. म्हणजे हा श्रीमंत होण्याचा धंदा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण मोहल्ल्याचं वाचनालय, अभ्यासिका, शाळेची कमिटी किंवा वेल्फेअर ट्रस्ट यांच्यासाठी महिन्याला एवढा खर्च अवघड नाही. जलशावर एका रात्रीत याच्या कितीतरी पट खर्च होतो. मुलींसाठी तर हे जास्त गरजेचं आहे. त्यांना जिन्यावर किंवा नाक्यावर बसून फॉर्म भरता येत नाही. अभ्यासिकेत टेबल-खुर्ची आणि नेट मिळालं, तर घरचेही निर्धास्त राहतील.

तोपर्यंत घरात एवढं करा. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं ठेवा, ही सोय बहुतेक नव्या राउटरमध्ये असते. मुख्य पासवर्ड कुणाला सांगितला असेल तर आजच बदला. आणि पासवर्ड बदलून शेजारच्या मुलाला नुसतं परत पाठवू नका. परीक्षेचा फॉर्म असेल तर त्याला घरात बोलवा, समोर बसवा आणि भरून द्या.

पुढच्या जुम्याला कमिटीची बैठक असेल, तर पाण्याच्या टाकीच्या विषयानंतर हा विषय काढा. जिन्यावरच्या मुलांना नेट तर लागणारच आहे. ते चोरून घ्यायचं की हक्काने, हे आपण मोठ्यांनी ठरवायचं आहे.