नाकाला न कळणाऱ्या पाण्याबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

महोदय,

दाभोळ खाडीतला मच्छीमार पाणी नाकाने ओळखतो. होडी लोटण्याआधी ओंजळभर पाणी हुंगतो. उग्र दर्प आला तर जाळं टाकत नाही. मेलेले मासे काठाला लागले की आम्ही ओरड करतो, मग तुमची माणसं बाटल्यांत नमुने नेतात. तक्रारीची ही रीत आता पुरायची नाही.

इटलीतल्या त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना १९६०च्या दशकापासून ‘पीफास’ ही फ्लोरिनयुक्त रसायनं बनवत होता. भूजल नासल्याचं उघड व्हायला २०१३ साल उजाडलं. तोवर लाखो लोक तेच पाणी पीत होते. आपल्या मुलांच्या रक्तातले आकडे टी-शर्टवर लिहून आया रस्त्यावर उतरल्या. २०१८मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. जून २०२५मध्ये न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. कारखान्याची यंत्रं मात्र एका भारतीय कंपनीने विकत घेतली होती. ती आमच्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली.

इथे प्रदूषण झालंच आहे, असा आरोप मी करत नाही. त्याला मोजमाप लागतं, आणि तेच मी मागतो आहे.

पीफासमधला कार्बन-फ्लोरिनचा बंध वसाहतीच्या सांडपाणी केंद्रातल्या जिवाणूंना तुटत नाही. सीओडी, बीओडी, पीएच या नेहमीच्या चाचण्यांत सगळं नियमात बसलं तरी पीफास पुढे खाडीत जाऊ शकतं. पाणी उकळूनही ते जात नाही. त्याला वास नाही, रंग नाही. मासा उलटा होऊन तरंगतही नाही. अमेरिकेने २०२४मध्ये त्यातल्या पीएफओएसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००मध्ये, पीफासचा रकानाच नाही. रकाना नाही म्हणून कोणी तपासत नाही, आणि तपासलं नाही म्हणून सगळं आलबेल.

म्हणून मागणी एवढीच: सांडपाण्याचं तोंड, खाडीतला गाळ, तिसऱ्या (शिंपल्या) आणि आसपासच्या विहिरी यांची पीफास तपासणी आत्ताच करा. फ्लोरिन रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांच्या संमतीपत्रात ती नियमित करण्याची अट घाला. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

मानक ठरेपर्यंत थांबू नका. आज आकडा शून्य आला तर आम्हाला आनंदच आहे. उद्या तो वाढला, तर कुठून वाढला हे तरी कळेल. नाहीतर तो आमच्या पोरांच्या रक्तात शोधावा लागेल.

आपला,
खाडीकाठचा एक रहिवासी